पाच मेंढ्यांचं इंटरनेट

हुहाना प्रत्येक वस्तूची किंमत मेंढ्यांत मोजायची. मेंढ्या कातरण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं, आणि मजुरी मेंढीमागे मिळे. जाकीट म्हणजे वीस मेंढ्या. दाताचा डॉक्टर म्हणजे सबंध दिवसाचं कातरण. ऑकलंडहून पर्थला निघालेल्या विमानात समोरच्या पडद्यावर इंटरनेटचे दर झळकले, तेव्हाही तिने तसाच हिशेब केला. नुसते निरोप धाडायचे तर दोन मेंढ्या. चित्र बघायचं तर पाच.

"पाच!" ती म्हणाली. "आणि त्यात चहासुद्धा नाही."

शेजारी ब्रेट नावाचा दांडगा गडी बसला होता. तो पर्थकडच्या खाणीत ट्रक चालवायचा.

"काय पाच, मावशी?"

"मेंढ्या."

ब्रेटने खिडकीबाहेर पाहिलं. खाली नुसता समुद्र होता.

हुहानाने कार्ड काढलं आणि पाच मेंढ्या मोजून दिल्या. एरवी तिने दिल्या नसत्या. पण आज तिची मुलगी रोइमाता पर्थपलीकडच्या गव्हाच्या मुलखातल्या एका शेडमध्ये कातरणातला बायकांचा विक्रम मोडायला उभी होती. एका दिवसात चार पाळ्या, सगळ्या मेरिनो मेंढ्या. तारीख वर्षभरापूर्वीच ठरलेली. परीक्षक परगावाहून आलेले. दिवस पुढे ढकलायची सोय नव्हती.

हुहाना आज लेकीच्या मागे उभी राहणार होती. पण चार दिवसांपूर्वी न्यूझीलंडमध्ये तिची थोरली बहीण गेली. हुहानाच्या माणसांत मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. माती पडेपर्यंत सगळ्यांनी जवळ बसायचं, गायचं, रडायचं, भांडायचंसुद्धा. मधूनच उठून विमान पकडणं कुणी करत नाही. तीही तिकडे गेली, आणि माती पडेपर्यंत उठली नाही. बहिणीकडे निघताना तिने लेकीला फोनवर सांगितलं होतं, "मी नसले तरी तिथंच आहे असं समज. माझं काहीतरी जवळ ठेव."

बोलून गेली खरी.

हुहाना पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आली तेव्हा लोकर उचलायला आली होती. बायकांनी लोकर उचलावी, झाडावं, टेबलावर पसरावी. कातरायचं पुरुषांनी. बाई शेडकडे येताना दिसली की दारातला गडी ओरडायचा, "तळ्यावर बदकं!" म्हणजे जिभा आवरा, बायका आल्या. लगेच सगळ्या शेडभर शिव्या बंद. हुहानाला त्या ओरडण्याचा राग यायचा. शिव्यांचं तिला काही नव्हतं, तिच्या बापाला त्याहून चांगल्या येत होत्या. पण ते ओरडणं म्हणजे तुम्ही इथल्या नव्हे, असं सांगणं होतं.

मग ती रविवारी कातरायला शिकली. उरलेल्या, म्हाताऱ्या, कुणाला नको असलेल्या मेंढ्यांवर. मेंढी बसवायची कशी, गुडघ्यांत धरायची कशी, पोटापासून सुरुवात करून पाठीवर शेपटीपासून डोक्यापर्यंत यंत्र एका दमात न्यायचं कसं. हे काम हातांचं आहे असं बघणाऱ्याला वाटतं. ते पायांचं आहे. पाय बरोबर जागी असले की मेंढी गप्प पडून राहते. पाय चुकला की तिला फट सापडते, ती लाथ मारते, आणि कंबर मोडते ती कातरणाऱ्याची.

पुढे तिला शेडमध्ये स्वतःची जागा मिळाली आणि तिने ती पंचवीस वर्षं सोडली नाही. एका मेंढ्याने डावा गुडघा फोडला, तरी ती गुडघा बांधून उभी राहिली. फक्त तेव्हापासून डावा पाय बाहेरच्या कडेवर पडायला लागला.

फोनवर चित्र आलं. कुणीतरी शेडच्या खांबाला फोन बांधून ठेवला होता. रोइमाता कंबरेत वाकलेली, खाली मेंढी, मागे फळ्यावर आकडे. टिपेने नावाचा हुहानाचा दीर घड्याळ घेऊन पाठीशी उभा. तिसरी पाळी चालू होती.

"तुमची मुलगी?" ब्रेटने मान वाकडी केली. "जिंकतेय का?"

"सकाळी पुढे होती. आता मागे पडतेय."

"दमली असेल."

"दमली तर हात जड होतात. हात बघ तिचे. हात चांगले आहेत."

तेवढ्यात मेंढी घसरली. रोइमाताने तिला ओढून परत गुडघ्यांत घेतली. पुढची मेंढीही पाठीवर यंत्र चालताना डावीकडे निसटली. एकेका मेंढीमागे दोन-तीन श्वास वाया जात होते. हुहानाने फोन नाकाशी नेला. लेकीचा डावा पाय बाहेर कलत होता. असा ती कधीच ठेवत नसे.

मग तिला बूट दिसले. कातरताना घालायचे, गोणपाटाचे, हाताने शिवलेले, टाचेला निळा दोरा.

"अगं माझे आई!" ती एवढ्याने ओरडली की पुढच्या रांगेतला माणूस वळला. "माझे बूट घातलेत कार्टीने!"

"मग बिघडलं काय?"

"डाव्या बुटाचा तळ बाहेरून झिजलाय. माझ्या मोडक्या गुडघ्याने झिजवलाय तो. त्यात दुसऱ्याचा पाय सरळ राहणारच नाही!"

माझं काहीतरी जवळ ठेव. पोरीने ठेवलं होतं.

हुहानाने टिपेनेचा नंबर लावला. हवाई सुंदरी धावत आली. "बाई, विमानात बोलायला बंदी आहे. लिहा हवं तेवढं."

टिपेनेला लिहून उपयोग नव्हता. त्याचा फोन बाहेर गाडीत पडला असणार. शेडमध्ये कुणाच्या हातात फोन दिसला तर मेंढ्या धुवायच्या हौदात बुडवीन, अशी तंबी हुहानानेच सगळ्यांना दिली होती, आणि तिची तंबी मोडायची कुणाची छाती नव्हती.

चित्राखाली बघणाऱ्यांचे शेरे येत होते. शाब्बास पोरी. दाखव त्यांना. त्यात एक नाव हुहानाच्या ओळखीचं निघालं. डल्सी. शेडची स्वयंपाकीण. चुलीजवळून हलता येत नाही म्हणून बाई फोनवर कातरण बघत होती.

हुहाना थांबली.

"काय झालं, मावशी?"

"ही बाई माझ्याशी दहा वर्षं बोललेली नाही."

"का?"

"भर पंगतीत मी म्हणाले होते, तुझ्या मटणाचे बूट शिवता येतील."

ब्रेट एवढा हसला की त्याची खुर्ची हलली. "लिहा, लिहा! मटणाचं नंतर बघू."

हुहानाने जाडजूड बोटांनी लिहिलं. डल्सी, मी हुहाना. रोइमाताच्या पायात माझे बूट आहेत. डावा झिजलाय. सुट्टीत बदलायला सांग. तिचे स्वतःचे कुठे आहेत?

पाठवलं, आणि चित्र थिजलं. रोइमाता वाकलेली ती वाकलेलीच राहिली. मधोमध एक गोल फिरायला लागला.

"पाच मेंढ्या घेतल्या ना मेल्यांनी!" हुहाना पडद्यावर बोट आपटत म्हणाली. "पाच! एक तरी धड कातरा!"

हवाई सुंदरी परत आली. समुद्रावर मधूनमधून असं होतं, थोड्या वेळात येईल, म्हणाली. हुहानाने हात मांडीवर ठेवले. तिला बसून राहायची सवय नव्हती. लेकीने आठ महिने पहाटे उठून धावण्याचा सराव केला होता, दारू सोडली होती, पाठीला पट्टा बांधून रोज कातरलं होतं, आणि ते सगळं एका जुन्या तळव्यापायी वाया जाणार होतं. ब्रेटने स्वतःचं बिस्किटाचं पाकीट फोडून तिच्यापुढे धरलं. तिने एक घेतलं आणि चावायचं विसरली.

गोल थांबला. आधी डल्सीचा शेरा दिसला.

तिचे बूट माझ्या भट्टीच्या दारावर वाळतायत. सकाळी घामाने भिजले म्हणून आणून टांगले, माझ्या पावांना वास लागला. पोचवते. मटणाची माफी माग.

मग चित्र हललं. चहाची सुट्टी होती. रोइमाता भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले. दारातून डल्सी आत शिरली, एका हातात चहाचं तबक, दुसऱ्या हातात बूट. ती कातरायच्या जागी कधी पाय ठेवत नसे. कोपऱ्यातल्या कुणा म्हाताऱ्याने जुन्या सवयीने हाळी दिली, "तळ्यावर बदकं!" आणि अख्खी शेड हसली. डल्सीने त्याला बूट उगारून दाखवला. मग रोइमाताच्या कानाशी लागली.

रोइमाताने डोळे उघडले आणि पायांकडे बघितलं. मग सरळ खांबावरच्या फोनकडे बघून जीभ बाहेर काढली आणि आईचे बूट उतरवले. उतरवलेले तिने फेकले नाहीत. फळ्याखाली नीट जोडीने ठेवले.

शेवटची पाळी सुरू झाली. पहिल्याच मेंढीला हुहानाने श्वास सोडला. पाय सरळ पडला होता. मेंढी उशीसारखी पडून राहिली आणि यंत्र पाठीवरून शेपटीपासून डोक्यापर्यंत एका दमात गेलं. लोकर उलगडली, पोरीने मेंढी खालच्या कुंपणात लोटली, दुसरी ओढली. एकही हालचाल फुकट नव्हती. घोटभर पाणीसुद्धा टिपेने तिच्या तोंडाशी धरत होता.

"भरून काढतेय का?" ब्रेट कुजबुजला.

"काढतेय."

मागच्या रांगेतून दोन बायका डोकावल्या. पुढचा माणूस खुर्चीवर गुडघे टेकून उलटा बसला. जेवणाची गाडी येऊन थांबली आणि पुढे गेलीच नाही, कारण हवाई सुंदरीही फोनवर वाकली होती. या लोकांनी मेंढी फक्त ताटात पाहिली असेल. पण कुणी मनापासून काम करत असलं की ते बघायला शिकावं लागत नाही.

फळ्यावरचा आकडा जुन्या विक्रमाला भिडला. कुणी हललं नाही. पुढची मेंढी खाली गेली, परीक्षकाने लोकरीवरून हात फिरवून मान डोलावली, आणि आकडा पुढे सरकला. तरी पोर थांबली नाही. घंटा होईपर्यंत तिने आणखी दोन कातरल्या, आणि घंटा झाल्यावरच यंत्र बंद करायची दोरी ओढली. टिपेनेने घड्याळ टोपीत टाकून टोपी छताकडे उडवली.

हुहाना पट्टा सोडून उठली. मोडका गुडघा खुर्चीला टेकवून, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"तळ्यावर बदकं!"

अर्थ कुणाला कळला नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

मग ती बसली, डोळे पुसले आणि लिहायला लागली. डल्सी, उपकार झाले. बूट वेळेवर पोचवलेस. मटण मात्र चिवटच होतं.

उत्तर आलं तेव्हा खाली तपकिरी जमीन दिसायला लागली होती.

तुझं ताट झाकून ठेवलंय. आज मटणच आहे. ये आणि खा.

हुहाना हसली. ब्रेटच्या पाकिटातलं शेवटचं बिस्किट तिने परत केलं. भूक ठेवायला हवी होती.