पलंगावरून दिसणारं छत

कामाच्या घरी पोचलं की नॉरिस हॉवर्थ रोज आधी जमिनीवर उताणा पडायचा. डोक्याखाली टोपी, पोटावर हात आणि पाच मिनिटं छताकडे नजर. उभ्याने न दिसणारे उंचवटे निजून दिसतात, असं त्याचं म्हणणं. सोळाव्या वर्षी गिलाव्याची थापी धरली ती चव्वेचाळीस वर्षं सुटली नव्हती. अर्ध्या बेकप गावाच्या छतांवर त्याचा हात फिरलेला होता.

"झोपायला आलायस की कामाला?" बेरिल पिकपने चहाचा मग त्याच्या कानाशी ठेवला.

"तुझा चहा पिऊन झोप कुणाला येतेय?"

पिकपांनी स्वयंपाकघराची मागची भिंत पाडून खोली वाढवली होती. पक्षाघातानंतर बेरिलच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, जिना चढवत नव्हता. त्याचा पलंग आता इथे यायचा होता. भिंतीच्या जागी बसवलेली लोखंडी तुळई छताखाली वीतभर उतरली होती. एक तर तिच्याभोवती जिप्समच्या बोर्डांची पेटी करून ती झाकायची, नाही तर सगळं छतच तिच्या तळाशी आणायचं.

पेटी म्हणजे दोन दिवसांचं काम. छत म्हणजे आठवडाभर हात डोक्यावर. नॉरिसचा उजवा खांदा कामातून गेला होता. आणखी एक छत केलंस तर हा हात पुन्हा वर जाणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

बेरिलला ते ठाऊक होतं. "पेटीच कर बाबा. खोलीची उंचीही राहील."

हो म्हटलं की सुटला असता. नॉरिस चहा पीत राहिला.

"क्लिफर्डला विचारलंस?"

"त्याला काय कळतंय त्यातलं?"

"निजून बघणार तर तोच आहे."

दोघांनी पुढच्या खोलीतला चाकांचा पलंग क्लिफर्डसकट ढकलत आणला. नॉरिस त्याच्या शेजारी जमिनीवर आडवा झाला. नव्या खिडकीतला उजेड छतावरून सरकत यायचा आणि तुळईशी अडायचा. तुळईच्या अलीकडे, बरोबर क्लिफर्डच्या डोळ्यांवर, काळा पट्टा पडला होता.

"ती कड दिवसभर माझ्याकडे बघणार," क्लिफर्ड जड जिभेने म्हणाला. "त्यासाठी बेरिल पुरे आहे की."

"बघितलंस? जीभ लुळी पडली, टोमणे नाही पडले!" बेरिल नॉरिसला म्हणाली.

नॉरिस कोपरावर उठला. "बेरिल, छत खाली घेऊ या."

"आणि तुझा खांदा?"

"खांद्याला विचारून कामं घेतली असती, तर टपाल वाटत फिरलो असतो."

आठवड्याचं काम बारा दिवस चाललं. बोर्ड चढवायला त्याने भाड्याची यारी आणली, पण गिलावा हातानेच. शेवटचे दोन दिवस डावा हात उजव्याचं कोपर उचलून धरत होता. काम संपलं त्या दुपारी उजेड खिडकीपासून दारापर्यंत न अडखळता गेला. क्लिफर्ड बघत राहिला. टोमणा मारायचाही विसरला.

त्यानंतर नॉरिसने भिंतीच केल्या, त्याही छातीपर्यंतच्या. वरच्या अर्ध्यासाठी त्याचा भाचा यायचा. पिकपांकडे पुन्हा जाणं झालं नाही. दीड वर्षाने नॉरिस वारला.

छताचं काम संपलं त्या दुपारी तो निघताना बेरिलने डब्यात बटाट्याची भाजलेली पाई भरून दिली होती. त्याने डबा डाव्या हातात घेतला आणि दारातून मागे वळून म्हणाला, "हीटर लावून घाई करू नका. गिलावा आपोआप वाळू दे."