बटण बसलं

"मॅडम, टॉर्चचा बटन बसलाय!" फोनवर रेवदंड्याचे काशिनाथ नाखवा होते. त्यांची स्वतःची मासेमारीची होडी आहे.

"बसलं ना? मग डब्यात टाका आणि दुकानात घेऊन या," असं म्हणून मी फोन ठेवला. ते पुढे काहीतरी बोलत होते, पण माझ्यासमोर एक पंप उघडा पडला होता. आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय मला तशीही कधी नव्हती.

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. रिटायर झाल्यावर अलिबागला रिपेअरिंगचं दुकान टाकलं. आमच्या धंद्यात 'बसलं' म्हणजे मेलं. मोटर बसली, पंप बसला, की विषय संपला. मेलेला टॉर्च डब्यात टाकला काय आणि खिशात टाकला काय, सारखंच.

हा टॉर्च माझ्याच हातचा होता. एका होडीवरून दुसरीला इशारा करायचा. दाबला की झगझगीत पेटतो, सोडला की विझतो. बटण वर ढकलणारी स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजायची, म्हणून मी ती काढून दोन चुंबकं बसवली, सारखी टोकं समोरासमोर ठेवून. सारखी टोकं एकमेकांना दूर लोटतात, त्या जोरावर बटण वर येतं. बंदरावर सगळ्यांनी वाखाणणी केली. मी महिनाभर हवेतच होते.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला.

"मॅडम, डबा तापलाय. आतल्या भाकऱ्या पन शेकल्या असतील."

"कसल्या भाकऱ्या?"

"तुम्हीच बोललात ना, डब्यात टाका? जेवनाचा डबा हाय. रिक्षात मांडीवर घेऊन बसलोय."

"टॉर्च चालू आहे?"

"व्हय तर! बटन खाली बसलाय, वर येतच न्हाय. मघाशी तेच सांगत होतो."

चार-दोन सेकंदांसाठी केलेला दिवा सतत पेटलेला, तोही बंद डब्यात, माणसाच्या मांडीवर. आतला लिथियमचा सेल असा तापत गेला तर पेट घेतो, फुटतोसुद्धा.

"रिक्षा थांबवा! डबा लांब मोकळ्या जागेत ठेवा. उघडू नका. सगळे दूर व्हा!"

स्कूटरवरून जाताना मी वाटेतल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. चौलच्या अलीकडे रिक्षा उभी दिसली. शेतात मधोमध डबा, आणि बांधावर नाखवा, त्यांची बायको सुमनताई आणि रिक्षातली बाकीची मंडळी. सगळे धडधाकट. मला रडूच यायचं बाकी होतं.

"नवा डबा हाय माझा," सुमनताई म्हणाल्या.

सेल उतरून दिवा आपोआप विझला होता. डबा पूर्ण थंड होईपर्यंत मी कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. मग टॉर्च उघडला. त्यातल्या चुंबकाला साधी टाचणी उचलता येईना.

"नाखवा, हा टॉर्च कुठे ठेवत होतात?"

"भिजला की इंजिनच्या सायलेन्सरवर शेकवायचो. सेल काढून हां! सेलाला गरमी लावू नका, तुम्हीच बोललात. चुंबकाचा न्हाय बोललात काय."

खरंच नव्हते बोलले. ही चुंबकं पाणी उकळण्याच्याही आधी जोर सोडायला लागतात, आणि गेलेला जोर थंड झाल्यावर परत येत नाही. हे मला पाठ होतं. पण समुद्रावर ओली वस्तू शेकवूनच सुकवतात, हे ठाऊक असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी होती. तिथेच बांधावर मी त्यांची माफी मागितली.

त्याच आठवड्यात बंदरावरचे सगळे टॉर्च परत मागवले. चुंबकं काढली, न गंजणाऱ्या स्टीलची स्प्रिंग बसवली, सोबत फार तापलं की वीज तोडणारा एक फ्यूज. ती स्प्रिंग मला आधीच सुचायला हवी होती, पण मला तेव्हा हुशारी दाखवायची होती.

आता मीटर लावण्याआधी मी गिऱ्हाइकाचा शब्द तपासते. परवाच नाखव्यांचा फोन आला, "मॅडम, पंप बसलाय."

"मेलाय, की नुसता बसून राहिलाय?"

"मेलाय. पन तुम्ही सांगेपर्यंत डब्यात न्हाय टाकनार."