बारा भागांची कबुली

प्रेमाला भाषा लागत नाही, असं मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर थाई मालिका बघायला घेतल्या आणि कळलं की लागते. सबटायटल वाचण्यासाठी मला चष्म्याचा नंबरही बदलून घ्यावा लागला.

या मालिका माझ्या भाच्यानं आणून दिल्या. तो माझ्या थोरल्या भावाचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला. एका रविवारी दुपारी घरी आला, चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. यावरूनच काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं.

"आत्या, आबा माझ्यासाठी मुलगी बघतायत. त्यांना बघू नका म्हणून सांगायचंय. का ते पण सांगायचंय."

का ते त्यानं आधी मला सांगितलं. पुण्यात तो ज्याच्याबरोबर राहतो तो नुसता रूममेट नव्हता. चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, बरं.

"पण सांगायचं कसं, ते मला येत नाही," तो म्हणाला. "या मालिकांमध्ये लोक घरी सांगतात. तू एकांकिका स्पर्धांची परीक्षक होतीस. हे सगळं बघ आणि सांग, यातलं कुठलं आपल्या घरी चालंल."

असं काम मला याआधी कुणी दिलं नव्हतं. दोन मुलांच्या प्रेमाच्या या मालिकांना बीएल म्हणतात, त्या थायलंड, कोरिया, जपान, तैवानमध्ये निघतात आणि जगभरच्या मुली त्या बघतात, एवढं त्यानं समजावलं. टॅबवर यादी करून दिली आणि तो पुण्याची एसटी पकडायला गेला. मी वही घेतली, रेघा मारल्या: संहिता, दिग्दर्शन, अभिनय. सवय जात नाही.

थायलंडपासून सुरुवात केली. तिथे सगळे इंजिनिअरिंगला असतात आणि वर्गात कुणीच बसत नाही. या दाव्यावर विश्वास ठेवायला मला जड गेलं नाही. एकेक भाग तासाभराचा, असे बारा. दोघांचं प्रेम आहे हे प्रेक्षकाला पहिल्या भागात कळतं, मित्रांना तिसऱ्यात, कॅन्टीनवालीला पाचव्यात आणि ज्याचं त्याला अकराव्यात. मध्येच नायकाचं काळीज तुटतं. तो रडत न्हाणीघरात जातो आणि तिथे ठरावीक कंपनीच्या फेसवॉशनं तोंड धुतो, बाटलीवरचं नाव आपल्याला नीट वाचता येईल इतका वेळ. पाच मिनिटांपूर्वी घडलेला प्रसंग त्याला आठवतो, म्हणून तो आपल्यालाही पुन्हा दाखवतात. शिवाय पडणं. एकाचा पाय घसरतो, दुसरा त्याला सावरतो, आणि संगीत सुरू होतं. एकतीस वर्षांत आमच्या स्टाफरूममध्ये एकही प्राध्यापक दुसऱ्यावर पडलेला मी पाहिला नाही.

मुलींची मात्र चीड आली. यांच्याकडे मुलीला दोनच कामं: एकतर अडवायचं, नाहीतर पाठीमागून ढकलायचं. पहिलीचे केस सरळ असतात, दुसरीला चष्मा असतो. वहीत मी लिहिलं, 'स्त्री पात्रांना संहितेने रजेवर पाठवले आहे.'

कोरियन मालिका आटोपशीर. वीस-वीस मिनिटांचे आठ भाग, छान उजेड, माणसं खिडकीबाहेर बघतात. पण आई-वडील शोधून सापडत नाहीत. कुणाचे परदेशात, कुणाचे वारलेले. घरी सांगायची अडचण त्यांनी घरच काढून टाकून सोडवली आहे. भाच्याला मी कळवलं, हा मार्ग आपल्याला नाही. त्यानं हसणारं तोंड पाठवलं.

तैवानमध्ये शेवटी लग्नं लागतात, कारण तिथल्या कायद्यात ती लागतात. ते बघताना एक वेगळंच वाटलं. नाटकाचा शेवट गोड आहे की खरा आहे, हे तिथे दिग्दर्शकानं नाही, कायद्यानं ठरवलं होतं.

आणि मग जपान. एका जपानी मालिकेत चवथ्या भागापर्यंत काहीही घडलं नाही. ऑफिसातली दोन माणसं एका घरात राहतात, स्वयंपाक करतात, जेवतात. मी कंटाळून वहीवर चित्रं काढत होते. मग एकाच्या शर्टाचं बटण तुटलं. दुसऱ्यानं सुईदोरा आणला. शर्ट काढून शिवत बसलं तर ऑफिसला उशीर होणार होता, म्हणून अंगावरच शिवायला घेतलं. कॅमेरा हलला नाही. संगीत नाही. सुई आत जाते, बाहेर येते, एवढंच. बटण बसलं. आता दोरा तोडायचा. आपण सगळे दोरा दातानं तोडतो. त्यासाठी त्याला तोंड त्या छातीशी न्यावं लागणार होतं. तो थोडा वाकला. थांबला. आणि म्हणाला, "कात्री कुठेय?"

मी टॅब बंद करून ठेवला. परसात जाऊन आले. परत सुरू करून तो प्रसंग पुन्हा बघितला. कात्री पहिल्यापासून टेबलावर दिसत होती. दिग्दर्शकानं ती लपवली नव्हती. त्या माणसालाही दिसत होती, आणि ज्याचं बटण होतं त्यालाही. तरी बटणवाल्यानं उठून दुसऱ्या खोलीत जाऊन शोधली आणि नाही म्हणून सांगितलं.

किती नाटकं बघितली मी. माईकसमोर किंचाळणारी, धूर सोडणारी, शेवटी सगळ्या पात्रांना गोठवून वर निळा प्रकाश टाकणारी. त्यांच्या लेखकांना स्मृतिचिन्हं देताना 'आशयघन' हा शब्द मी किती वेळा वापरला, देव जाणे. एक कात्री न सापडण्यात एवढं मावतं, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. वहीतल्या तिन्ही रकान्यांत काय लिहावं ते कळेना. ते पान अजून कोरं आहे.

पण भाच्याचं काम राहिलं होतं. मी सगळे कबुलीचे प्रसंग वेगळे काढून बघितले. बाप थोबाडीत मारतो. बाप छाती धरून खाली बसतो. आई म्हणते, "मला केव्हाचंच माहीत होतं." दर तिसऱ्या आईला केव्हाचंच माहीत असतं. यातलं काहीच आमच्या घरी बसेना, आणि का ते दोन दिवसांनी लक्षात आलं. या सगळ्या प्रसंगांत बाप आणि मुलगा टेबलाशी समोरासमोर बसतात. आमच्याकडे माणसं समोरासमोर बसतात ती फक्त सोयरीक जुळवायला आणि बांधाचा तंटा मिटवायला.

माझा भाऊ वीस वर्षं सैन्यात होता. हवालदार म्हणून परतला आणि उसात शिरला. घरातले सगळे त्याला आबा म्हणतात, मीसुद्धा. आबा बोलतो ते हातात काम असताना, आणि समोरच्याकडे न बघता. मी भाच्याला फोन केला. "हळद शिजवायला ये. त्याला घेऊन ये. मी पण येते."

भाच्याबरोबर आलेला तो मुलगा जतकडचा. घर मेंढरं राखणारं, आता कोरडवाहू शेती. मळ्यात हळद शिजवायच्या मोठ्या कुकरची वाफ, चिखल आणि गरम हळदीचा वास होता. आबानं त्याला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"पुण्याचा पावना म्हंजी फावडं कुठल्या बाजूनं धरायचं ते सांगाय लागंल."

"आबा, जतचा हाय मी."

"मग सांगत न्हाई. धर."

चार दिवस त्या मुलानं शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली आणि पसरली. आबा त्याला एवढंच विचारायचा: पाणी किती लांबनं येतंय, टँकर कवा, औंदा शाळू कसा हाय. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. "बरा हाय," तो म्हणायचा. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्यानं बांधावरून विचारलं, "आबा, कुणाचं पोरगं रं?" आबा म्हणाला, "पैऱ्याला आलंय."

पैरा म्हणजे तुम्ही आमच्या कामाला या, आम्ही तुमच्या कामाला येतो. मजुरी नाही. पण ज्याच्या कामाला गेलो त्यानं उलटून आलंच पाहिजे, यात सवलत नसते. आणि पैरा बांधाला बांध असलेल्यांचा असतो.

चवथ्या दिवशी दुपारी तिघं एका ओळीत वाकून हळद पसरत होते. मी दहा पावलांवर, बाभळीखाली. भाचा खाली बघत म्हणाला,

"आबा, मला पोरगी बघू नगा."

"का रं?"

"मी ह्याच्यासंगं राहतोय."

"म्हाईत हाय. भाडं वाचतंय."

"तसं न्हाई, आबा. जन्माचं."

आबाचा हात थांबला नाही. हळकुंडं एकमेकांवर घासल्याचा आवाज येत राहिला. ढीग निम्मा झाला, मग संपला. मग आबा म्हणाला, "तिकडचा ढीग उलथा. घाम धरंल," आणि कुकरकडे निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो तिकडेच राहिला. भाच्याचा चेहरा उतरून गेला होता. तो मला म्हणाला, "आत्या, हे कुठल्याच मालिकेत नव्हतं." जतच्या मुलानं पिशवी भरून ठेवली.

वहिनीला भाच्यानंच चुलीपाशी सांगितलं. ती रडली. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का गं? "न्हाई बाई," ती म्हणाली. "मला हितं कोण काय सांगतंय." रडतच तिनं त्या मुलाला विचारलं, सकाळी जाताना भाकरी किती बांधू.

सकाळी मी आणि आबा गोठ्यापाशी होतो. तो म्हशीचं दावं सोडत होता.

"हितं सांगायचं तूच सुचवलंस न्हवं?"

"हो."

मग तो म्हशीलाच सांगितल्यासारखं बोलला. "पलटणीत असताना आमच्या कंपनीत दोघं हुती. समद्यांस्नी म्हाईत हुतं, कोण बोलत न्हवतं. त्यातला एक वारला. दुसऱ्यानं त्याच्या गावाला जायला रजा मागिटली. अर्ज त्याला लिवून मीच दिला, त्याचं अक्षर लय वंगाळ. त्यात एक रकाना असतोय. मयताशी नातं." दावं सुटलं. "मी पेन धरून बसलो. तो बी बसला. मग त्यानंच कागद घेतला आणि फाडला."

मला आबाचं सगळं आयुष्य माहीत होतं, असं मी समजत होते.

म्हैस पाण्याकडे गेली. जतचा मुलगा पिशवी घेऊन पाया पडायला आला. आबानं पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवला नाही. विचारलं, "शाळू कवा निघतोय तुमचा?"

"पंधरा दिसांनी."

"यितो."

"आबा, लय लांब हाय. तीन तास लागत्यात."

"चार दीस काम केलंस न्हवं आमच्यात? मग?"

बांधावरच्या म्हाताऱ्याला ही बातमी त्याच दिवशी लागली. "आबा, जतला पैरा? उद्या दिल्लीला जाशीला!"

"गेलोय की," आबा म्हणाला. "वीस वर्सं."

पंधरा दिवसांनी आम्ही चौघं जीपनं जतकडे गेलो: आबा, वहिनी, भाचा आणि मी. वहिनीनं मांडीवर भाकरीचं गाठोडं धरलं होतं. त्या मुलाच्या घरी त्याच्या आईला सगळं माहीत होतं, वडिलांना त्यानं आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. ते वडील अंगणात उभे होते. पांढरं मुंडासं, हातात काठी, तोंडात निम्मी कानडी. आबाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"यवड्या लांबनं कशाला आला?"

"तुमचा पोरगा आमच्या हळदीला आलता. चार दीस."

"व्हय. सांगिटलं त्यानं."

त्या माणसानं काठी भिंतीला टेकवली. "चला मग. ऊन व्हायच्या आत."

इतक्या नाटकांची परीक्षक असल्यामुळे मी रानात बांधावर बसून वाट बघत होते. आता कोणीतरी एक वाक्य बोलेल. दोन बाप शेजारशेजारच्या ओळी धरून वाकले होते, त्यांच्या मागे दोन मुलं, आणि पिवळं रान एका टोकाकडून मोकळं होत होतं. मी एवढं मोठं काही डोळ्यांनी बघितलेलं नाही. अकरा वाजेपर्यंत दोघं बाप एकमेकांशी जे बोलले ते सगळं मी ऐकलं. अर्धं दाणा किती भरलाय यावर होतं आणि अर्धं पाठीला कुठलं मलम लावावं यावर.

शाळू तिकडे मुळासकट उपटतात. आबाला ते येत नव्हतं. त्याच्या ओळीतली ज्वारीची ताटं मध्येच तुटत होती, आणि मागून येणाऱ्या त्या मुलाच्या आईनं खाली राहिलेली सगळी धसकटं एकेक करून पुन्हा उपटली.