न हलणारी टोकं

सुक्या बोंबलांचा वास आला की मला एमएस्सीची तोंडी परीक्षा आठवते. आदल्या सकाळी उत्तनच्या घरामागे मी वही घेऊन रडकुंडीला आले होते. अडलं होतं कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सवर, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या वाटांतून निसर्ग कोणती निवडतो ते शोधायच्या गणितावर. चेंडूची वाट असो की प्रकाशाची, नियम इथूनच निघतात. हेच कळत नसेल तर पुढचं भौतिकशास्त्र शिकायचं तरी कशाला? वाट जराशी बदलून बघायची, इथवर ठीक होतं. पण शेवटी समीकरणात वाटेच्या दोन टोकांची एक टर्म, म्हणजे एक पद, उरायची आणि पुस्तक तिला बेधडक शून्य करून टाकायचं. का, ते मी घोकलं होतं, समजलं नव्हतं. समोर आई बांबूंना बांधलेल्या दोरीवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगत होती. वारा सुटला आणि दोरी नुसती नाचायला लागली. "आये, पडतील ना सगळे!" मी ओरडले. "पडतील कशे? टोकं गच बांधलीत. मधली दोरी नाचंल तेवढी नाचू दे, टोकं हालत न्हाय," ती मागे न बघताच म्हणाली. मी दोरीकडे बघतच राहिले. मध्ये कितीही बदल झाला तरी टोकाशी बदल शून्यच. म्हणून ती टर्म जाते! मी इतकी हसले की आईने तसल्याच हाताने माझं कपाळ चाचपलं, ताप आलाय की काय म्हणून. परीक्षेत मी दोरीच सांगितली आणि सुटले. आता भाईंदर पूर्वेला कॉलेजात मी हेच शिकवते. पर्समध्ये त्या दोरीचा तुकडा असतो. वर्गात तो बाहेर काढला की पहिल्या बाकावरची मुलं आधी नाक धरतात, मग टोकं.