मिठाविना पळणं

यांना अग्नी आमच्या मुलीनं दिला. आमच्याकडे अग्नी देणारा दहाव्यापर्यंत मीठ खात नाही. सिल्लोडहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदेनं, आक्कांनी, स्मशानातून परतल्या परतल्या तिला बजावलं, "पोरानं करायचं ते तू केलंस. आता नेमबी पाळावा लागंल."

"पाळीन," ती म्हणाली. तिच्या जोडीनं मीही अळणी वरणभात खाऊ लागले.

बापलेकीला लांब पळायचं वेड होतं. पुंडलिकनगरहून निघायचं, पडेगावच्या पुढं जायचं आणि परत. बाटलीतलं पेय हे घरीच करत. लिटरभर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एका लिंबाचा रस. ढवळून स्वतः चाखत आणि म्हणत, "घामापेक्षा खारट नको."

आठव्या दिवशी पहाटे मुलगी बूट घालू लागली. घरात बसून भेटायला येणाऱ्यांचे चेहरे बघणं तिला असह्य झालं होतं.

"सुतकात पळतंय का कुणी?" आक्का म्हणाल्या.

"मी पळते," एवढंच बोलून ती बूट बांधत राहिली.

मी यांच्या मापानं पेय केलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती मुकाट्यानं घेतली, तेव्हा मला हायसं वाटलं. ती गेल्यावर बऱ्याच वेळानं भांडी घासायला उठले, तर बेसिनच्या जाळीत लिंबाच्या बिया होत्या. माठाभोवती पाणी सांडलेलं होतं. पेय ओतून देऊन तिनं बाटलीत साधं पाणी भरून नेलं होतं.

आठ दिवस पोटात मिठाचा कण नाही आणि मार्चातलं ऊन वर आलेलं. घाम जाईल तसं ती पाणी पिईल. अंगात उरलंसुरलं मीठ आहे, तेही आणखी पातळ होईल. हे मला यांच्याकडूनच ठाऊक होतं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फोन लावला, तर तो तिच्याच उशीखाली वाजला.

मी पुन्हा पेय केलं. मीठ दोनदा मोजलं. स्कूटर काढली तर आक्का पदर खोचून मागं बसल्या. "चल. बघतीस काय?"

पडेगावच्या अलीकडे, एका बंद टपरीच्या सावलीत ती सापडली. उलटी झालेली, डोकं गुडघ्यात. बोटं सुजून यांची अंगठी तिच्या बोटात रुतली होती. शेजारी पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. वाटेत विकत घेतल्या असाव्यात.

"आई, डोकं फुटतंय. पाणी दे."

"पाणी नाही. हे घे."

तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "दोन दिवस राहिलेत फक्त."

मी आक्कांकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या. शेवटी मीच बाटली तोंडाला लावली. घोट जिभेवर आला आणि अंग शहारलं. हे गेल्यापासून मी पहिल्यांदाच कशाची तरी चव घेत होते. मला त्या चवीची लाज वाटली, तरीही मी दुसरा घोट घेतला.

"माझा नेम मोडला," मी म्हणाले. "आता तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बाटली घेतली. एक घोट, थांबून आणखी एक. उलटी होते की काय म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

आक्कांनी रिक्षा थांबवली. "आधी दवाखाना," त्या म्हणाल्या आणि तिला काखेत धरून आत बसवताना पुटपुटल्या, "दहाव्याला कावळा शिवला नाय, तर मला बोलायचं नाय."

"शिवेल आत्या," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मी पळताना मीठ घेतलं नाही हे बाबांना कळलं असतं, तर मात्र नसता शिवला."

आक्कांनी बाटली पुन्हा तिच्या ओठांना लावली. स्कूटर टपरीपाशीच ठेवून मीही रिक्षात बसले. दवाखाना येईपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही.