एक भिंत राखायची होती

हिवरडोहच्या ईश्वरदास धकातेचं घर कोणी पाडलं, असं विचारलं तर गावात कोणीही सांगेल, त्यानंच. आणि सांगताना हसेल. हसू नये, पण हसतात.

हिवरडोह म्हणजे उमरेडच्या पुढे, अभयारण्याच्या काठावरचं गाव. ईश्वरदासनं इथे चाळीस वर्षं करवती काठाची लुगडी विणली. ताण्यात एक कुजका धागा दिसला तरी त्याचा हात थांबायचा; तो कापून नवा जोडल्याशिवाय धोटा पुढे जायचा नाही. लुगडं मागावरून उतरलं की बायको गोदूबाई दाराच्या सागवानी चौकटीला हळदीचं बोट लावायची. चौकट पिवळी झाली, मग गिऱ्हाईक संपलं आणि माग बंद पडला.

गेल्या वर्षी गोदूबाई त्याच दाराच्या उंच उंबऱ्याला अडखळली. खुबा मोडला. नागपुरात मेडिकलच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि काजलनं, लेकीनं, तिला शहराच्या कडेला वाडीला आपल्या भाड्याच्या खोलीत नेलं. खोली माडीवर, खाली ट्रकांची घरघर. म्हातारीला जिना उतरवेना. फोनवर रोज एकच विचारायची, घर कधी होईल? ईश्वरदासनं शब्द दिला होता ना! उंबरा काढतो, जमीन सपाट करतो, संडास घरातच बांधतो, मग तुला नेतो.

गाव इको झोनमध्ये होतं. नियम तसा साधा. जुन्या घराची दुरुस्ती करा, कोणी विचारणार नाही. नवं बांधायचं तर झोनच्या समितीची परवानगी, आणि समिती बसेल तेव्हा बसेल. देवाजी गवंड्यानं तीन भिंती उतरवल्या आणि चौथीपाशी थांबला.

"हे भित राहू दे गा," तो म्हणाला. "एक भित उभी असली तं दुरुस्ती. नाही तं नवं घर होते."

देवाजी जेवायला गेला. ईश्वरदास त्या भिंतीकडे बघत बसला. वाळवीनं ती आतून पोखरली होती. नव्या तीन भिंतींना ही सडकी जोडायची, हे त्याच्या हातांना पटेना. त्यानं देवाजीची लोखंडी सब्बल उचलली. आयुष्यभर ज्या सवयीमुळे लोक त्याला चांगला विणकर म्हणायचे, तीच त्याला भोवली. देवाजी परतला तेव्हा मातीचा ढीग होता आणि शेजारी म्हातारा घाम पुसत समाधानानं उभा होता.

तिसऱ्या दिवशी वनरक्षक आला. काम बंद. कचेरीतल्या बाबूनं अर्जाला सध्याच्या घराचा फोटो मागितला. ईश्वरदासनं ढिगाचा फोटो नेला. बाबूनं तो शेजारच्या टेबलावर दाखवला, तिथेही सगळे हसले. भिंत असती तर इथे यायचीच गरज नव्हती, असं बाबूनं वर समजावून सांगितलं. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. ईश्वरदास ताडपत्रीखाली राहू लागला.

गावाच्या पलीकडे मात्र एक रिसॉर्ट दणक्यात उभं राहत होतं. त्याचा नकाशा झोन लागू व्हायच्या आधीच मंजूर झालेला. पाहुण्यांना दाखवायला त्यांना जुन्या चालीचं विणकराचं घर हवं होतं. मॅनेजर शरच्चंद्रनं पावसात भिजणारी चौकट, छपराची कवेलू, लाकडं पाहिली आणि सगळं विकत मागितलं. नाहीतरी सडेल, म्हणाला. ते खरंच होतं. ईश्वरदासनं विकलं, आणि त्यातून रिसॉर्टच्या आवारात घर उभं राहिलं. मागासकट ईश्वरदासलाही त्यानं कामावर घेतलं. धोतर नेसून बसायचं, पाहुणे आले की धोटा फेकायचा, सहाला गेटाबाहेर. कामगारांनी आत मुक्काम करायचा नाही, हाही नियमच.

गोदूबाईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. फोनवर म्हणायचा, भिंती झाल्या, छप्पर चढून राहिलं. भेकड माणूस. त्याला खोटंही नीट बोलता येत नव्हतं, पण तिला ते खरं मानायचं होतं.

मग रिसॉर्टनं व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत, रिसॉर्टच्या नावाशिवायच, काजलच्या फोनवर आला. तिनं आईला दाखवला. सारवलेली सपाट जमीन. चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांसाठी काढून टाकलेला उंबरा. हळदीच्या बोटांची चौकट. आत माग, आणि मागावर तिचा नवरा.

रविवारी ईश्वरदास वाडीला गेला. आज खरं सांगायचंच, असं ठरवून गेला. गोदूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसली होती. अंगावर त्यानंच विणलेलं लुगडं, मांडीवर गाठोडं. काजलनं शेजारची दोन माणसं बोलावून ठेवली होती, खाली ऑटो उभा होता.

"झालं म्हणून सांगतलं काहून नाही?" गोदूबाई म्हणाली. "उंबरा बी काढला तुम्ही. मले लय आवडलं."

त्यानं तोंड उघडलं. ती इतकी हसत होती की ते त्यानं मिटून घेतलं. वाटेत सांगू, असं मनाशी म्हणत त्यानं गाठोडं उचललं, आणि माणसं खुर्ची धरून एक एक पायरी उतरू लागली.