भिंतीपलीकडची हाक

२०२२ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. माझी बायको कौसा रोज उजाडताच अंगण झाडायची आणि मधल्या भिंतीपाशी थांबून धाकट्या जावेला ओरडायची, "गये, उठलीस का मेलीस गं?"

पलीकडून गया म्हणायची, "तुमाला पोचवल्याबिगर न्हाई मरत, बाई!"

मिरजगावाबाहेर आमची ही दोन घरं. भांडण कशावरून सुरू झालं, ते दोघींनाही आठवत नव्हतं. मी कधी "पुरे आता" म्हणालो, की कौसा म्हणे, "तुमी गप बसा. तुमाला त्यातलं काय कळतंय?"

एका सकाळी उत्तर आलं नाही. गया झोपेतच गेली होती.

मागं तिचा मुलगा दत्तू एकटाच, लग्न न जमलेला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून माती झाल्यावर कौसानं पिठलं-भाकरी नेली. दत्तूनं ताट ढकललं. "रोज मरण मागितलंस माझ्या आईचं. आता तुझी भाकरी गळ्याखाली उतरंल व्हय?"

कौसा  छाती दाबून भिंतीच्या कडेला खाली बसली.

अटॅकच समजून नगरला नेलं. तपासलं, तर रक्तवाहिन्या साफ. गावात लगेच सुरू, "ब्लॉक न्हाई, मग अटॅक कसला? सोंग हाय सगळं." मी चौथी शिकलेला, पण सोंग कशाला म्हणतात ते मला कळतं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पाठ मोडली होती. तरी दत्तूला बोलावून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणालो, "मला सांगितलं ते ह्याला सांगा."

डॉक्टर म्हणाले, "मोठा धक्का बसला की असं होतं. हृदयाचा खालचा भाग फुगतो, दमतो. बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत भरून येतं."

"धक्का कशाचा?" दत्तूनं विचारलं. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यानं मान खाली घातली.

घरी आल्यावर कौसा म्हणाली, "अवो, आता सकाळी म्या कुनाला हाक मारू?"

पुढं तिचं हृदय बरं झालं. दीड वर्षानं गेली ती तापानं. पण तेवढ्या दिवसांत भिंतीपाशी परत थांबली नाही.

दवाखान्यातून घरी आणलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. तिला उठायची मनाई होती. मी कधी न धरलेला खराटा घेतला, अंगण झाडलं, भिंतीपाशी थांबलो. तिचे शब्द तोंडातून निघेनात. एवढंच म्हणालो, "दत्त्या, उठलास का रं?"

 पलीकडून आवाज आला, "उठलोय, तात्या. मोठ्या आईला इचारा, भाकरी मिळंल का?"

आत कौसा उठू लागली. तिला दटावून निजवलं आणि मीच पीठ मळायला बसलो.